तिसऱ्या मजल्यावरचा सातबारा

२०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला आणि शहरी मध्यमवर्गाला एकदम शेती आठवली. एरवी टोमॅटोचा मान तो केवढा? दबू नये म्हणून पिशवीत सगळ्यात वर ठेवायचा, एवढाच. त्या महिन्यात मात्र त्याच्यावर अग्रलेख आले, शेतातून क्रेटच्या क्रेट चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या, जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याने एका हंगामात कोटीच्या वर कमाई केल्याचं वाचून बऱ्याच नोकरदारांचा चहा गार झाला. आणि ठाणे, पुणे, डोंबिवली, नाशिक इथल्या ज्या बाल्कन्यांत तोवर मोडकी सायकल, बंद पडलेला कूलर आणि वाळत घातलेले टॉवेल एवढंच पिकत होतं, तिथे कुंड्या आल्या.

या नव्या शेतकऱ्याला कुंडीकर म्हणू. तो बँकेत असेल, शाळेत असेल, नुकताच निवृत्त झालेला असेल. घरात तो एकच असतो. बाकीचे फरशी पुसतात.

कुंडीकराचा पहिला हिशेब कागदावर बिनचूक असतो. एका झाडाला दोन-अडीच किलो टोमॅटो, अशी पाच झाडं, भाव दीडशे. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये सुटले. या हिशेबात पंचांग तेवढं नसतं. टोमॅटोचं बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला २५ ते ३० दिवस, आणि रोप लावल्यापासून पहिलं फळ लाल व्हायला आणखी दोन-सव्वादोन महिने. जुलैतल्या महागाईवरचा हा उपाय ऑक्टोबरात लागू पडतो. २०२३ मध्ये सप्टेंबरातच घाऊक भाव इतके कोसळले की नाशिक जिल्ह्यात शेतकरी माल रस्त्यावर ओतून मोकळे होत होते. कुंडीकराचा पहिला टोमॅटो लाल झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर वीस-पंचवीस रुपये किलोची आरोळी चालू होती. यात त्याचा दोष म्हणावा तर खऱ्या शेतीतही हेच चाललेलं असतं. उन्हाळ्यात भाव पडले म्हणून लोकांनी टोमॅटो सोडला, म्हणून पावसाळ्यात टंचाई झाली, म्हणून सगळ्यांनी एकदम लावला, म्हणून पुन्हा भाव पडले. कुंडीकर या चक्रात पाच झाडांनिशी सामील झाला, इतकंच. फरक असा की खऱ्या शेतकऱ्याला त्या पाच झाडांचे फोटो नातेवाइकांना पाठवायचे नसतात.

असा हिशेब पार शेवटापर्यंत नेणारा एक माणूस अमेरिकेत निघाला. न्यूयॉर्कजवळच्या हडसन खोऱ्यात राहणाऱ्या विल्यम अलेक्झांडर याने बागेवर झालेला सगळा खर्च मांडला, आलेल्या पिकाने भागला आणि एक टोमॅटो ६४ डॉलरला पडला असं काढलं. २००६ साली त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं आणि त्याचं नावही तेच ठेवलं. आपल्याकडचा कुंडीकर असा भागाकार कधी करत नाही. कुंड्यांचा खर्च ‘घरसजावट’ या खात्यात, खताचा ‘किराणा’ या खात्यात आणि फवारणीच्या पंपाचा खर्च कोणालाच सांगितलेला नसतो.

खरेदीची सुरुवात कोकोपीटपासून होते. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो दाबून केलेली ही वीट. पाच किलोची वीट भिजली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. ही माहिती वेष्टनावर छापलेली असते, पण वेष्टन दुकानातच फाडून टाकलेलं असतं. कुंडीकर ती वीट आंघोळीच्या बादलीत ठेवतो आणि वरून दोन तांबे पाणी घालतो. पाच मिनिटं काही घडत नाही. म्हणून तो बादली नळाखाली सरकवतो, नळ बारीक सोडतो आणि वाजलेला फोन घ्यायला बाहेर जातो. परत येतो तेव्हा बादलीच्या काठावरून तपकिरी रंगाचं काहीतरी सावकाश खाली उतरत असतं. आधी दुसरी बादली भरते. मग टब, मग कपडे भिजवायचं घमेलं, मग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं मोठं पातेलं. उरलेलं न्हाणीघराच्या जाळीत जातं आणि तिथेही फुगतं. संध्याकाळी प्लंबर येतो, जाळीतून मूठभर भुसा काढून नाकाशी धरतो आणि विचारतो, ‘साहेब, हे काय धुतलं म्हणायचं?’

एवढं सगळं होऊन या भुशात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. तो हलका असतो, पाणी धरून ठेवतो, हे त्याचे गुण. पोट भरायला शेणखत, गांडूळखत, थोडी माती आणि थोडी निंबोळी पेंड लागते. हलकेपणाचा गुण मात्र सोसायटीत फार कामाचा, कारण नुसत्या मातीने भरलेली वीस लिटरची बादली ओली झाली की तीस किलोच्या वर जाते आणि सेक्रेटरींना स्लॅब ऐकू यायला लागतो.

इथून पुढे झाडांचे हाल सुरू होतात, आणि त्यामागचं कारण सांगून टाकायला हरकत नाही. नवशिक्याच्या हातची झाडं उपाशी मरत नाहीत, ती लाडाने मरतात. सकाळी चहाबरोबर पाणी, ऑफिसला निघताना पाणी, आल्यावर ‘दिवसभर ऊन होतं बिचाऱ्याला’ म्हणून पाणी. मुळांना हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं राहून सुकतं. मान टाकलेलं झाड पाहून कुंडीकराचा जीव कळवळतो आणि तो आणखी पाणी घालतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात पाऊल टाकत नाही. कुंडीकराला तोच अंदाज मातीत बोट दोन पेरं खुपसून घेता येतो. पण बोट खराब होतं आणि झारी नवी असते.

खताचंही तेच. नत्र जास्त झालं की टोमॅटोचं झाड छातीपर्यंत वाढतं, काळपट हिरवं दिसतं, आल्यागेल्याला दाखवण्याजोगं होतं आणि त्याला एक फूल येत नाही. पाहुणे ‘काय तब्येत आहे!’ म्हणतात. पाहुण्यांना काय जातंय?

पेरणीत लाड जरा वेगळ्या वाटेने येतो. पाकिटात वांग्याचं चिमूटभर बी असतं, ते सगळंच्या सगळं एका कुंडीत पडतं, कारण ‘निम्मं तरी उगवेल का?’ अशी शंका असते. आठवड्याभरात ते सगळंच उगवतं. आता विरळणी करायची, म्हणजे एक रोप ठेवून बाकीची उपटायची. कुंडीकर चिमटा घेऊन बसतो. हे जरा ठेंगणं आहे, पण त्याचं खोड जाड आहे. ते वाकडं आहे, पण पहिलं उगवलंय. पाऊण तासाने तो दोन रोपं उपटतो आणि ती दोन्ही दह्याच्या रिकाम्या कपांत लावतो. मुळ्याचंही तेच. त्याची विरळणी न झाल्याचा निकाल चाळीस दिवसांनी लागतो. वर हातभर पाला आणि खाली पेन्सिल. पाल्याची भाजी छान होते, असं घरात सगळे एकमेकांना सांगतात.

कोथिंबिरीचा अपमान त्याहून मोठा. धणा वरून एक दिसतो, पण आत दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी तो लाटण्याखाली किंवा चपलेखाली रगडून फोडायचा, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. कुंडीकर अख्खे धणे पेरतो, आठवडाभर वाट बघतो, निराश होऊन त्याच कुंडीत मेथी टाकतो आणि मग दोन्ही एकदम उगवतात. दीड महिन्याने तो त्यातून कौतुकाने एक जुडी खुडतो. जुडी कसली, बोटभर पेंढी. त्याच संध्याकाळी भाजीवाला पाव किलो गवारीबरोबर तेवढीच कोथिंबीर आणि दोन मिरच्या फुकट टाकतो.

उन्हाचा प्रश्न मात्र विनोदाच्या पलीकडचा आहे, कारण त्यात खुद्द सूर्य सामील असतो. फळभाजीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालक-मेथीचं तीन-चार तासांत भागतं. डिसेंबरात दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन पार दिवाणखान्यापर्यंत येतं, कारण सूर्य तेव्हा दक्षिणेला खाली झुकलेला असतो. ते पाहून कुंडीकर टोमॅटो, मिरची, वांगी सगळं तिथे मांडतो. एप्रिलपर्यंत सूर्य इतका वर चढतो की वरच्या मजल्याच्या स्लॅबआड जातो आणि बाल्कनी भर उन्हाळ्यात सावलीत बसते. मुंबई-पुण्याला मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीवर तो पाठ फिरवून उभा. कुंडीकर तेव्हा खत बदलतो, पाणी बदलतो, नर्सरी बदलतो. फ्लॅट बदलण्याचा विषय एका घरात खरोखर निघाल्याचं ऐकिवात आहे.

पानं पिवळी पडली की तो बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतो. फोटो हललेला असतो. पानापेक्षा मागची गॅस सिलिंडरची टाकी स्पष्ट दिसते. उत्तरं मिनिटभरात येतात. पाणी जास्त झालंय. पाणी कमी पडतंय. ताक घाला. हिंगाचं पाणी शिंपडा. चहाचा चोथा टाका. एप्सम सॉल्ट टाका. अंड्याची टरफलं टाका; आमच्याकडे अंडं चालत नाही, शेजारून आणून टाका. एक सभासद गणपतीची आरती टाकतो, ती चुकून आलेली असते. खरं तर पानं बऱ्यापैकी सांगत असतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोहाकडे बघायचं. टरफलांत कॅल्शियम असतं हे खरं, पण ते मातीत उतरायला इतका वेळ घेतं की तोवर टोमॅटोचा हंगाम संपून पुढच्या वर्षीचा आलेला असतो. आणि साखर घातलेल्या चहाचा चोथा न धुता टाकला तर त्याचा पहिला लाभ मुंग्यांना होतो.

मुंग्यांचं प्रकरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. मिरचीच्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक दाणे चिकटलेले दिसतात, तो मावा. तो झाडाचा रस शोषतो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. मुंग्यांना तो चिकटा हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात. कुंडीकराला झाडावर मुंग्यांची लगबग पाहून बरं वाटतं. निसर्ग घरी आला म्हणून तो व्हिडिओ काढतो. मग एक दिवस त्याला पानाखाली काळी, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसते, चिमुकल्या मगरीच्या पिल्लासारखी. हा प्राणी चांगला असणं शक्यच नाही, असं ठरवून तो तिला चपलेने चिरडतो. ती ढालकिड्याची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला जो किडा लहान मुलांच्या गोष्टींत गोड दिसतो, त्याचंच बालपण. मोठी होईपर्यंत ती शेकड्यांनी मावा फस्त करते. बाल्कनीतला एकमेव फुकटचा मजूर अशा तऱ्हेने जातो आणि मिरचीला बोकड्या पडून पानं आक्रसतात, तेव्हा ग्रुपवर पुन्हा ताकाचा सल्ला येतो.

यातले जे जिद्दी असतात ते जीवामृतापर्यंत पोचतात. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी नैसर्गिक शेतीचा मोठा प्रचार केला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची जीवामृताची कृती एकरासाठी आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. कुंडीकर त्याचं पाच लिटरचं प्रमाण काढतो, तेव्हा पन्नास ग्रॅम बेसन येतं. हे चिल्लर प्रमाण स्वयंपाकघरात कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते दुसऱ्या दिवशी, लिफ्टमध्ये. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असं पाळेकर सांगतात. त्या हिशेबाने चाळीस चौरस फुटांच्या बाल्कनीच्या वाट्याला गाईचा सुमारे तेहतीस हजारावा भाग येतो. वास मात्र अख्ख्या गाईचा येतो.

भेंडीचा अनुभव तुलनेने सुखाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं ‘परभणी क्रांती’ हे वाण शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजलं गेलं. त्याच्या पाकिटावरचं नाव वाचूनच कुंडीकराला स्फुरण चढतं. पन्नासेक दिवसांत जास्वंदीच्या कुळातलं फिकट पिवळं, पोटात गडद लाल असलेलं फूल येतं. चार-पाच दिवसांनी भेंडी तयार. एक. चार झाडांची मिळून दिवसाला एक, फार तर दोन. झाडावर ठेवावी तर जून होऊन तिचं दोरखंड होतं, म्हणून ती खुडून फ्रिजमध्ये ठेवायची आणि बहिणींची वाट बघायची. चौघांच्या भाजीपुरत्या भेंड्या जमेपर्यंत पहिली मलूल झालेली असते. शेवटी एका रविवारी त्या सगळ्या एकदम चिरल्या जातात आणि कमी पडतात म्हणून त्यात बाजारच्या पाव किलोची भर पडते. जेवताना कुंडीकर ताटातली एक फोड उचलून म्हणतो, ‘ही आपली.’ ती कशी ओळखली, हे विचारायचं नसतं.

अर्थात कुंडीत भाजी येतच नाही असं कोणी समजू नये. चाळींच्या गॅलऱ्यांत डालडाच्या डब्यांतून ओवा, गवती चहा, आळू आणि एखादी मिरची पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे आणि त्यासाठी कोणी ग्रुप काढला नव्हता. मुंबईत आर. टी. दोशी या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने उसाचं चिपाड आणि अगदी थोडी माती यांवर गच्चीत भाज्याच काय, फळझाडंही वाढवून दाखवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळ्यातून माती घडवण्याचं शास्त्र कित्येकांच्या अंगणात नेलं. या शतकाच्या सुरुवातीला प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराचा ओला कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवायला घेतला आणि तिथे भाज्यांबरोबर पेरू-चिकूसुद्धा उभे राहिले. या मंडळींत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी आधी माती केली, मग तिच्यात काय येतंय ते पाहिलं. कुंडीकर आधी भाजीचा मेनू ठरवतो.

कुंडीखालच्या ताटल्यांचा विषय थोडक्यात आटोपू. त्यांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोचतो, म्हणून महापालिकेचे कर्मचारी घरोघर येऊन आधी ताटल्या बघतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. कुंडीकर ताटल्या काढून टाकतो. त्यामुळे पाणी खालच्या मजल्यावर जातं, आणि इथून ठाण्यातल्या एका सोसायटीतल्या दुधीची गोष्ट सुरू होते.

त्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीकराने जुलैत रंगाच्या रिकाम्या बादलीत दुधी लावला. वेल भराभर चढला, ग्रिलभर पसरला आणि दीड महिन्यात पांढरी फुलं आली. रोज येत आणि रोज गळत. ग्रुपने ताक सुचवलं. दुधीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, आधी बरेच दिवस लांब देठाची नर फुलंच येतात, आणि मादी फूल ओळखायचं ते त्याच्या मागे चिकटलेल्या बोटाएवढ्या लवदार दुधीवरून, हे त्याला हळूहळू कळलं. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे हे फूल संध्याकाळी उमलतं. त्याचं काम रात्रीचे पतंग करतात. तिसऱ्या मजल्यावर, एलईडीच्या झगझगाटात, पतंग कुठला यायला?

म्हणून एका संध्याकाळी साडेसातच्या बातम्या सोडून कुंडीकर स्टुलावर चढला. मोबाइलचा टॉर्च दातांत. एका हाताने नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्या, मधला पिवळा भुकटीचा दांडा मोकळा केला आणि तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवला, तिन्ही बाजूंनी फिरवला. घरातल्या सहावीतल्या मुलीने खालून विचारलं, ‘बाबा, काय करताय?’ बाबांच्या तोंडात टॉर्च होता, त्यामुळे शिक्षणाची एक संधी हुकली. समोरच्या इमारतीतून मात्र फोन आला की तुमच्या ग्रिलवर कोणीतरी चढलंय.

ती दुधी धरली. दुसऱ्या दिवशी मान खाली वळली, चौथ्या दिवशी वीतभर झाली. मग गणपती आले. कुटुंब गौरीपर्यंत कोकणात गेलं आणि पाण्याचं काम शेजारच्या मुलाकडे सोपवलं. त्याने ते इमानाने केलं, पण वेलाकडे बघायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुधी जड होत गेली, वेल ग्रिलमधून घसरला, ताण्यांनी खालच्या मजल्याचा गज पकडला आणि कुटुंब परतलं तेव्हा दुधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत, त्यांच्या ग्रिलच्या आत, विसावलेली होती.

‘काकू, जरा आमची दुधी काढू का?’

‘तुमची? अहो, जुलैपासून माझ्या चादरींवर चिखल गळतोय, तेव्हा म्हणालात का, आमचं पाणी काढू का?’

प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेत गेलं. कायद्याने ही सभा सप्टेंबरअखेर उरकावीच लागते, त्यामुळे दुधीला फार थांबावं लागलं नाही. हिशेबपत्रकं दहा मिनिटांत मंजूर झाली. आयत्या वेळच्या विषयांवर पावणेदोन तास चर्चा चालली. कुंडीकराचं म्हणणं असं, की बी त्याचं, माती त्याची, आणि परागीकरण तर त्याने जातीने केलेलं. काकूंचं म्हणणं असं, की आधार त्यांचा, ग्रिल त्यांची, आणि पाणी तर त्यांच्याच चादरींतून गाळून गेलेलं. कुंडीकराने १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवल्याचा दाखला दिला. सेक्रेटरी म्हणाले, ‘त्यांच्या खाली कोणाचा फ्लॅट नव्हता.’

उपविधींत दुधीबद्दल काही सापडेना. तेव्हा पहिल्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी बोलायला उठले. सभेत ते सहसा बोलत नाहीत, पण इथे खातं त्यांचं होतं. ते म्हणाले, सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते येतं, बारामध्ये तिच्यात पीक काय उभं आहे ते येतं. ‘सात तिसऱ्या मजल्यावर आहे,’ ते म्हणाले, ‘बारा दुसऱ्या मजल्यावर. नोंद कशी घालायची ते सांगा.’ कोणीतरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो टाकायचं सुचवलं. त्यावर गट नंबर काय टाकायचा यावरून आणखी वीस मिनिटं गेली.

एव्हाना दुधीची साल टणक व्हायला लागली होती, आणि भाजीसाठी ती आठवड्याभरात बाद होणार हे दोन्ही मजल्यांना दिसत होतं. निम्मी-निम्मी करावी असा प्रस्ताव आला, तो देठाकडची बाजू कोणाला यावर अडला. शेवटी गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, की वाळू द्या आणि मिरजेला पाठवा. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांचे तानपुरे करतात, तो भोपळा म्हणजे दुधीचाच भाऊबंद, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याचं नाव तर देशभर आहे. सभा क्षणभर भारावली. मग खजिनदारांनी विचारलं की ही असली हातभर दुधी वाळवली तर तिच्यातून नेमकं काय वाजेल, आणि त्या तानपुऱ्याची मालकी कोणाकडे.

इतिवृत्तात ठराव क्रमांक अकरा असा आहे: दुधीबाबत सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेत घ्यावा, तोवर दुधी आहे तिथेच राहू द्यावी आणि दोन्ही सभासदांनी तिला पाणी घालू नये असे सर्वानुमते ठरले. सूचक, दुसरा मजला. अनुमोदक, तिसरा मजला.